आठवं वचन

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझ्या उपदेशाची चार पानं परवा मिळाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. युवक संघ तुला पहिल्यांदाच पुलपीटावर उभं करतोय आणि विषय दिलाय ‘मूर्तिपूजा आणि देवाचा न्याय’. तू विचारतेस, “काका, भाषेला अजून धार कशी आणू?” धारेचं नंतर बघू. तुझ्या तिसऱ्या पानावर मी वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारली आहे. ती का मारली, ते आधी सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात मी तेवीस वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ख्रिस्ती मंडळी माझ्याकडे सोपवली होती. पावसाचा पत्ता नव्हता, विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि गाव सगळं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. आपले लोक तिथंच, बाकीचेही तिथंच. दुपारी सगळ्यांच्या हातावर सारखीच सुकडी पडायची. अशा दिवसांत एका रविवारी मी स्तोत्र ११५ काढलं. मूर्तींना तोंड आहे पण बोलता येत नाही, डोळे आहेत पण दिसत नाही, कान आहेत पण ऐकू येत नाही, हे मी अगदी ठसक्यात वाचलं. मग एलीया संदेष्ट्याच्या काळचा दुष्काळ सांगितला, आणि गावातल्या देवळांकडे हात करून म्हणालो की आभाळ बंद झालंय ते यामुळं. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, काम झालं.

उपासना संपल्यावर एक म्हातारी थांबली. तिला अक्षरओळख नव्हती, पण अर्धी स्तोत्रसंहिता तोंडपाठ होती. खडी फोडून बोटं फुटली होती, त्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. ती म्हणाली, “बाबा, तू सातव्या वचनावर थांबलास. आठवं सोडलंस.” आणि जरा थांबून, “अन् माझी बी इहीर आटली की. मी कुठं काय पुजलं?”

घरी जाऊन आठवं वचन उघडलं. त्या बनवणारे आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारे त्यांच्यासारखेच होतील, असं तिथं लिहिलंय. मी दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यातल्या मुक्या तोंडाबद्दल बोलत होतो आणि वचन माझ्या तोंडाबद्दल होतं. माझ्यासमोर फुटक्या बोटांची बाई बसली होती, ती मला दिसली नव्हती. डोळे होते, पण दिसत नव्हतं. हा मला मिळालेला न्याय होता, आणि मिळाला तोही एका निरक्षर बाईच्या तोंडून. तिचं ऋण माझ्यावर अजून आहे. तू त्याच जागी उभी राहणार आहेस म्हणून हे तुला लिहितोय.

पवित्र शास्त्रात मूर्तिपूजेचा न्याय म्हटलं की आपल्याला आधी वीज, तलवार, मरी आठवते. तेही आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण इस्राएलाच्या उत्तर राज्याचा शेवट सांगताना २ राजे १७ काय म्हणतं ते बघ. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरानं तीन वर्षं वेढा घालून त्याची राजधानी शमरोन घेतलं, लोक देशोधडीला लागले. लिहिणारा कारण शोधायला बसला आणि त्यानं एक वाक्य लिहिलं, ते निरर्थकाच्या मागे लागले आणि निरर्थक झाले. हाच शब्द यिर्मया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात वापरतो. मूळ इब्री शब्द हेवेल. त्याचा साधा अर्थ वाफ, तोंडातून निघालेला श्वास. चुलीवरच्या तपेल्यातून निघते आणि हात पुढं करावा तर काहीच नसतं, तशी. लोक वाफेच्या मागे गेले आणि वाफ झाले. अश्शूरी फौज नंतर आली. शिक्षा आत आधीच सुरू झाली होती.

हे एकदा डोळ्यांपुढं आलं की सीनायच्या पायथ्याचं वासरू वेगळं दिसायला लागतं. निर्गम ३२ तू दुसऱ्या पानावर घेतलं आहेस, पण घाईनं. मोशेचा भाऊ अहरोन यानं सोन्याची कुंडलं गोळा केली, ओतीव वासरू केलं, आणि पाचव्या वचनात घोषणा केली, “उद्या परमेश्वराचा उत्सव आहे.” परमेश्वराचा! नाव जुनंच ठेवलं होतं. त्यांना वाटत होतं की ज्यानं मिसरातून काढलं त्याचीच आपण सेवा करतोय, फक्त तो जरा हाताशी, डोळ्यांसमोर, न्यावा तिकडं येईल असा हवा होता. मोशे चाळीस दिवस डोंगरावर होता आणि त्यांना वाट बघवत नव्हती. पुढं अहरोनाला जाब विचारल्यावर तो म्हणतो, मी सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर निघालं. कोरणी त्याच्याच हातात होती, चौथ्या वचनात तसं लिहिलंय. आपलं पाप आपल्या हातून घडलंच नाही, आपोआप घडलं, हे सांगणारा तो पहिला याजक. त्याच्यानंतर पुष्कळ झाले.

मग मोशे वासरू जाळतो, कुटून पीठ करतो, पाण्यावर टाकतो आणि लोकांना ते प्यायला लावतो. या ओळीवर थांब. ज्याच्यासमोर नाचलात ते आता तुमच्या पोटात आहे.

त्याच दिवशी मोशेच्या बाजूनं उभे राहिलेल्या लेवी वंशातल्यांच्या तलवारीनं सुमारे तीन हजार माणसं पडली. हा आकडा तू गाळला आहेस. गाळू नकोस. मी पन्नास वर्षं हा अध्याय वाचतोय आणि त्या ओळीशी अजून माझी झटापट चालते. पण ती ओळ वाचणाऱ्यानं तीच माणसं मेल्यावर मोशेनं काय केलं तेही वाचलं पाहिजे. तो पुन्हा डोंगर चढतो आणि देवाला म्हणतो, यांना क्षमा कर, नाही तर तुझ्या पुस्तकातून माझं नाव पुसून टाक. न्याय उच्चारणारा माणूस स्वतःचं नाव पणाला लावतो. तुझ्या चार पानांत ‘ते लोक’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे, मी मोजला. ‘आपण’ दोनदा, आणि दोन्ही वेळा शेवटच्या प्रार्थनेत.

उत्तर राज्याचा पहिला राजा यराबाम याच्या दोन वासरांबद्दल फार लिहू नकोस, एक परिच्छेद पुरे. बेथेलात एक, दानात एक. लोक यरुशलेमेला गेले तर आपलं राज्य जाईल ही त्याची भीती, आणि वर लोकांना सांगणं काय, तर एवढ्या लांब जाण्याचा तुम्हाला त्रास होतो. सत्तेच्या भीतीनं घडवलेला देव सोयीच्या नावाखाली खपवला, एवढं सांगितलंस की तुझ्या वयाच्या मुलांना बाकीचं समजेल.

एलीयाचा दुष्काळ मात्र नीट समजून घे, कारण मी तो चुकीचा सांगितला होता. बआल हा पावसाचा, गडगडाटाचा देव. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथं १९२९ पासून ज्या मातीच्या पाट्या सापडत गेल्या, त्यांत त्याला मेघांवर स्वार होणारा म्हटलंय. शेत पिकावं, गाय व्यावी, पोर जगावं म्हणून त्याला साकडं. इस्राएलाचा राजा अहाब यानं सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल करून आणली आणि बआल शमरोनात आला. तेव्हा देवानं जो न्याय केला तो आंधळा नव्हता. ज्याच्याकडून पाऊस मागत होता त्याच्याकडून मागा, बघू या येतो का. एवढंच.

पण पुढं बघ. १ राजे १७ मध्ये देव एलीयाला करीथ ओहळापाशी लपवतो, आणि सातव्या वचनात तो ओहळही आटतो. संदेष्ट्याचंसुद्धा पाणी आटलं! त्या म्हातारीनं मला हेच विचारलं होतं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण मी सातव्या वचनावरून उडी मारली होती. न्यायाच्या दिवसांत देवाच्या माणसाला वेगळी विहीर मिळत नाही. आणि मग देव त्याला कुठं पाठवतो? सीदोनातल्या सारफथला. ईजबेलच्या माहेरच्या मुलखात. तिथं एक विधवा शेवटचं मूठभर पीठ आणि बुधलीतलं थोडं तेल घेऊन काटक्या वेचत असते, मी आणि माझा मुलगा हे खाऊ आणि मरू म्हणते. तिच्या त्या पिठावर परमेश्वराचा संदेष्टा जगला. इस्राएलात बआलाचा न्याय चालू असताना बआलाच्याच देशातल्या बाईच्या घरात मडक्यातलं पीठ सरत नव्हतं. प्रभू येशूनं नासरेथच्या सभास्थानात ही गोष्ट काढली तेव्हा लोक इतके खवळले की त्याला गावाबाहेर डोंगराच्या कड्यावर घेऊन गेले. त्यांना ते ऐकवलं नाही. आपल्यालाही अजून ऐकवत नाही.

कर्मेलावरचे साडेचारशे संदेष्टे, अग्नी, सगळं सांग, पण तिथून सरळ एकविसाव्या अध्यायात नाबोथाच्या मळ्यावर ये. राजाला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा असतो, तो वाडवडिलांची जमीन विकत नाही. ईजबेल राजाच्या शिक्क्यानं पत्रं पाठवते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडमार होतो, जमीन राजाच्या ताब्यात. एलीया तिथं जाऊन उभा राहतो. शास्त्रात मूर्ती आणि बळकावलेली जमीन एकाच घरात सापडतात. यहूदाच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्याच्या, मनश्शेनं पंचावन्न वर्षं राज्य केलं. त्यानं मंदिरात मूर्ती बसवली, पोटच्या मुलाचा होम केला आणि यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत निरपराध रक्तानं भरलं. मूर्ती आणि रक्त हा एकच आरोप आहे. देव बदलला की माणसाची किंमत बदलते. एवढ्यासाठीच देव या पापावर इतका पेटतो.

आणि तो पेटणं म्हणजे काय, हे होशेय संदेष्ट्याला विचार. ‘मी ईर्ष्यावान देव आहे’ हे वाक्य तू लिहिलं आहेस आणि खाली लिहिलं आहेस ‘देवाला अपमान सहन होत नाही’. हे राजाचं वाक्य झालं, नवऱ्याचं नाही. होशेयाला बेइमान बायको मिळाली, गोमर. मुलांची नावं ठेवायला सांगितली ती इज्रेल, लो-रुहामा, लो-अम्मी. शेवटच्या दोहोंचे अर्थ ‘जिच्यावर दया नाही ती’ आणि ‘माझे लोक नव्हेत’. अंगणात खेळणाऱ्या पोराला संध्याकाळी त्या नावानं हाक मारायची! दुसऱ्या अध्यायात देवाची तक्रार अशी की धान्य, द्राक्षारस, तेल मी दिलं आणि ते तिला ठाऊकच नाही. चौथ्या अध्यायात तो म्हणतो, एफ्राईम, म्हणजे उत्तर राज्य, मूर्तींना चिकटलाय, राहू दे त्याला. हा सगळ्यांत कडक न्याय. पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तीनदा तेच लिहितो, देवाने त्यांना सोडून दिले. आणि अकराव्या अध्यायात होशेयाचा देव स्वतःचाच निकाल ऐकून कळवळतो, “एफ्राइमा, मी तुला कसा सोडू?” ही दोन वाक्यं एकाच पुस्तकात, एकाच मुखातली आहेत. एक वाचून दुसरं न वाचणाऱ्यानं न्यायावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट उपदेशात नसली तरी तुझ्या मनात असू दे. यहूदाच्या जुन्या घरांच्या ढिगाऱ्यांतून मातीच्या लहान लहान स्त्रीमूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत. वीतभराहून ठेंगण्या, खालचा भाग खांबासारखा, दोन्ही हात छातीखाली धरलेले. मी त्यांची चित्रं पाहिली तेव्हा मला राग आला नाही. बाळंतपणात बाई मरत होती, दूध येत नव्हतं, पोरं पहिल्या वर्षात जात होती, अशा घरात कुणाच्या तरी आजीनं ती कोनाड्यात ठेवली असेल. यिर्मया सातव्या अध्यायात आकाशराणीची पूजा सांगतो तेव्हा असंच घर दिसतं. मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतो, बाया कणीक मळतात. सगळं कुटुंब एकत्र, प्रेमानं. संदेष्टा ते दृश्य विसरला नाही, त्यातलं प्रेम त्यानं खोटं ठरवलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच की यामुळं ते मला चिडवत नाहीत, स्वतःचीच लाज काढतात. ज्या भीतीतून मूर्ती येते ती भीती तुला समजली नाही, तर तिच्यावर बोलताना आवाज फक्त चढेल.

आता यहेज्केल संदेष्टा. त्याच्या पुस्तकातले आठ ते अकरा हे चार अध्याय तू एकाच बैठकीत मोठ्यानं वाच, ही माझी आज्ञा समज. तुझ्या पानांत त्यातलं फक्त एक वचन आहे आणि तेही शिक्षेचं.

यहेज्केल तेव्हा बाबेलच्या मुलखात आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये यहोयाखीन राजाबरोबर जे धरून नेले त्यांच्यातला तो. याजकाच्या घरातला, पण मंदिर शेकडो कोस लांब. साधारण ५९२ साल. तो आपल्या घरी बसलाय, समोर यहूदाचे वडीलजन बसलेत. तिथून आत्मा त्याला डोक्याच्या केसांना धरून उचलतो आणि यरुशलेमेला नेऊन मंदिर दाखवतो. बाहेरून आत, एकेक पायरी. उत्तरेच्या दाराशी ईर्ष्येची मूर्ती. मग भिंतीला एक भोक, ते खणून मोठं केलं तर आत दार, आणि आत अंधारात सत्तर वडील, प्रत्येकाच्या हातात धुपाटणं, भिंतीवर सरपटणाऱ्या जिवांची चित्रं. त्या सत्तरांत एकाचंच नाव सांगितलंय, शाफानाचा मुलगा याजन्या. शाफान हे योशीया राजाच्या चिटणिसाचं नाव. मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ राजाला ज्यानं वाचून दाखवला तो. याजन्या त्याच घरातला असेल, तर ज्याच्या बापानं वचन वाचून देशाला जागं केलं त्याचा मुलगा तीस वर्षांनी अंधारात धूप जाळत होता. मी पाळकाचा मुलगा, पाळकाचा नातू. हे नाव मला नेहमी थांबवतं. पुढं तम्मूज या बाबेली देवासाठी रडणाऱ्या बाया. आणि शेवटी थेट मंदिराच्या दाराशी पंचवीस पुरुष, पाठ मंदिराकडे, तोंड पूर्वेला, सूर्याला दंडवत घालणारे.

यांतला एकही परका नाही, हे बघितलंस का? एकही पलिष्टी नाही, बाबेली नाही. सगळे मंडळीचे.

अंधारातले ते वडील एक वाक्य बोलतात, “परमेश्वर आम्हाला पाहत नाही, परमेश्वराने देश सोडला आहे.” तेव्हा ते खोटं होतं. दोन अध्यायांनी ते खरं होतं. देवाचं तेज करुबांवरून, त्या पंखधारी स्वर्गीय जिवांवरून, उठून उंबरठ्यावर येतं. तिथं थांबतं. उंबरठ्यावरून पूर्वेच्या दाराशी जातं. तिथंही थांबतं. मग शहराच्या मधून वर चढून पूर्वेकडच्या डोंगरावर उभं राहतं. घर सोडताना माणूस दारात वळून बघतो, फाटकाशी वळून बघतो, तसं. पंचवीस जणांनी ज्या पूर्वेला तोंड केलं होतं त्याच पूर्वेच्या दारातून देव गेला, आणि त्यांना दिसला नाही. ५८६ च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या सैन्यानं मंदिर जाळलं, पण जे जळलं ते रिकामं घर होतं. माझ्या मते बायबलमध्ये यापेक्षा भयंकर न्याय नाही. तलवारीला आवाज असतो. इथं काहीच ऐकू येत नाही.

मध्ये नववा अध्याय आहे. तागाची वस्त्रं घातलेला एक जण, कमरेला लेखकाची दऊत. त्याला सांगितलं जातं, शहरातून फिर आणि इथल्या अमंगळ गोष्टींवरून जे उसासे टाकतात, कण्हतात त्यांच्या कपाळावर खूण कर. जे बोटं दाखवतात त्यांच्या नाही, कण्हतात त्यांच्या. त्याच्यामागून सहा जण शस्त्रं घेऊन येतात आणि त्यांना हुकूम मिळतो, “माझ्या पवित्रस्थानापासून आरंभ करा.” पेत्र शेकडो वर्षांनी तेच लिहितो, न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून व्हायचा आहे. आणि यहेज्केल काय करतो? उपडा पडून ओरडतो, प्रभू, इस्राएलाचा उरलेला सगळा भाग तू नाहीसा करणार काय? त्याला हा न्याय योग्य आहे हे माहीत आहे, त्यानं डोळ्यांनी बघितलंय, तरी.

आता तुझं तिसरं पान. तू लिहिलं आहेस की आपल्या गल्लीत, आपल्या शहरात जे चाललंय त्यावर देवाचा कोप आहे, आणि मग शेजाऱ्यांच्या सणांची यादी. रेघ तिथं आहे. तू म्हणशील, शास्त्रात राष्ट्रांचा न्याय नाही का? आहे. आमोसाचे पहिले दोन अध्याय काढ. दिमिष्कावर आरोप काय? गिलादावर लोखंडी अवजारांची मळणी घातली. गज्जावर? लोकांना धरून विकलं. अम्मोनावर? मुलूख वाढवण्यासाठी गरोदर बायांची पोटं चिरली. शेजारी राष्ट्रांना देव क्रूरतेचा जाब विचारतो. परमेश्वराचं नियमशास्त्र धिक्कारल्याचा आरोप येतो तो यहूदावर, कारण ते त्यालाच दिलेलं होतं. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात लाकडाच्या एका अर्ध्यावर भाकर भाजून दुसऱ्या अर्ध्याचा देव करणारा माणूस आहे, पण ते ऐकणारे बाबेलात राहून डगमगलेले देवाचे लोक आहेत. कनान देशातल्या लोकांना घालवून इस्राएलाला तो देश दिला, तो प्रश्न अवघड आहे, तो तू पहिल्याच उपदेशात उचलू नकोस. एवढं लक्षात ठेव की लेवीय १८ मध्ये देव इस्राएलाला बजावतो, तुम्ही त्यांच्यासारखे वागलात तर ही भूमी तुम्हालाही ओकून टाकील. आणि तिनं टाकलं.

पौलाकडून शीक. अथेनैत मूर्तींनी भरलेलं शहर बघून त्याचा जीव तळमळला, प्रेषितांची कृत्ये १७ तसं सांगतं. पण बोलताना सुरुवात केली ती त्यांच्या भाविकपणापासून, दाखला घेतला तो त्यांच्याच कवींचा. इफिसात तर अर्तमीच्या नावानं दंगल झाली, लोक दोन तास ओरडत होते, तेव्हा शहराचा लेखक, ख्रिस्ती नसलेला माणूस, पुढं येऊन म्हणाला, ही माणसं देवळं लुटणारी नाहीत, आपल्या देवीची निंदाही यांनी केलेली नाही. पौलानं तिथं दोन वर्षांच्या वर सुवार्ता सांगितली होती, हातांनी केलेले ते देव नव्हेत हेही सांगितलं होतं, आणि तरी विरुद्ध बाजूचा अधिकारी शपथेवर सांगावं तसं हे सांगू शकला. तुझा उपदेश खिडकीतून ऐकणारा शेजारी तुझ्याबद्दल असं सांगू शकेल का?

आपल्याकडे याच्या उलट झालेलंही तुला ठाऊक असायला हवं. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज अमलात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला न्यावं लागलं, शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला. १५६० मध्ये तिथं इन्क्विझिशन बसलं. हे करणाऱ्यांच्या तोंडी हीच वचनं होती जी तू तिसऱ्या पानावर लिहिली आहेस. त्यांनी ‘पवित्रस्थानापासून आरंभ करा’ हे वाचलं नव्हतं असं नाही. त्यांनी आरंभ दुसऱ्याच्या पवित्रस्थानापासून केला. याची लाज मला वाटते, आणि ती वाटली पाहिजे असं मला वाटतं. रेव्ह. नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल जाळणाऱ्याला असा माणूस कधी भेटला नसता.

मग मूर्तिपूजेवर बोलायचंच नाही का? बोल. भरपूर बोल, पण घरातलं. यहूदाचा राजा हिज्कीया यानं मोडलेला पितळी साप आठव. २ राजे १८, वचन ४. तो साप मोशेनं देवाच्या सांगण्यावरून केला होता, त्याच्याकडे बघून लोक जगले होते. पुढं लोक त्याला धूप जाळायला लागले. देवानंच दिलेली वस्तू! हिज्कीयानं तो फोडला आणि नाव ठेवलं नहुश्तान, म्हणजे पितळेचा तुकडा. मी ज्या एका मंडळीत सेवा केली तिथं जुन्या चर्चच्या घंटेवरून दोन घराण्यांत असं वितुष्ट आलं की सात वर्षं दोन वेगळ्या उपासना व्हायच्या, एकाच इमारतीत, तासाच्या अंतरानं. एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. कंपाउंडच्या जागेवरून कोर्टात उभे राहिलेले विश्वासू लोक मी पाहिले आहेत, दोन्हीकडच्या वकिलांच्या फायलीत बाप्तिस्म्याचे दाखले. त्यांच्यात मूर्तीपुढं हात जोडणारा एकही नव्हता. पौल कलस्सैकरांस लिहितो, लोभ ही मूर्तिपूजा आहे. त्या सात वर्षांत मीही एका बाजूला बसलो होतो. दोन्ही घरांत जाऊन बोलायला पाहिजे होतं, नाही बोललो. माझं वजन कमी होईल अशी भीती होती. तीही एक मूर्तीच, आणि मी तिच्यासारखाच झालो, तोंड असून मुका.

तुझ्या मुलामुलींना काय विचारायचं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. नोकरीसाठी काय विकलं जातं, लग्नाच्या बाजारात कुणाची जात बघतात (हो, आपणही बघतो, प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पिऊनही बघतो), रात्री दोनपर्यंत हातातल्या काचेत कुणाचं तोंड शोधतो. नावं घेऊन सांग.

तिसरं पान काढून टाक आणि त्या जागी यहेज्केलाचं ते तेज उंबरठ्यावर थांबलेलं दाखव. घाई करू नकोस, ते तिथं थांबलंय तोवर मंडळीलाही थांबू दे. त्यानंतर अकराव्या अध्यायाचं सोळावं वचन वाच. यरुशलेमेत उरलेले लोक हद्दपार झालेल्यांना म्हणत होते, तुम्ही देवापासून दूर गेलात, जमीन आमची. तेव्हा देव म्हणतो, मी त्यांना दूर राष्ट्रांत घालवलं असलं, देशोदेशी पांगवलं असलं, तरी ते गेले त्या देशांत थोड्या काळापुरता मीच त्यांचं पवित्रस्थान झालो आहे. मंदिर सोडलेला देव पूर्वेला गेला होता. बाबेल पूर्वेलाच. कबार नदीच्या काठी, परक्या मातीत, यहेज्केलानं त्याचं चाकांचं सिंहासन आधीच पाहिलं होतं.

त्या वचनानंतर तुझ्या हस्तलिखितात अजून अर्धं पान इशारे आहेत. त्यावरही रेघ मारली आहे. वचन वाच, बायबल मिट आणि प्रार्थनेला घे.

बुधवारी संध्याकाळी मी घरीच असतो. पानं आणू नकोस, फक्त पवित्र शास्त्र घेऊन ये. मी ऐकायला बसतो, तू आठव्या अध्यायापासून सुरू कर. माझे डोळे आता पंधरा मिनिटांत दमतात, त्यामुळं वाचायचं काम तुझंच.

आईबाबांना सलाम सांग.

तुझा,
काका